पत्नीच्या नावात दुरुस्ती

"काकू, ते मिलिटरीचं तुम्हीच बघता ना?"

मला येणारे बहुतेक फोन असेच सुरू होतात. बोलणारा टोकियोकडच्या निशी-कसाईत नाहीतर ग्योतोकुत राहणारा असतो, आयटीत असतो, आणि त्याचा आवाज इतका हळू असतो की तो ऑफिसच्या जिन्यात उभा राहून बोलतोय हे मी न पाहता सांगू शकते. वडील फौजेत होते. आता ते नाहीत, किंवा आहेत पण अंथरुणाला खिळलेत. आईला कुठेतरी ठेवलंय. "कुठेतरी" म्हणताना आवाज आणखी खाली जातो. मी विचारते, "डिस्चार्ज बुक आहे का घरी?" बघावं लागेल. "बरं, पेन्शनचा कागद?" तोही बघावा लागेल. मग मी म्हणते, रविवारी या, चहा पिऊ. पंचेचाळिशीची माणसंही मला काकू म्हणतात. तक्रार नाही, पण नोंद असावी.

तुमच्या आगळ्यावेगळ्या व्यवसायाबद्दल लिहा, असं संपादकांनी कळवलं तेव्हा मला हसू आलं. हा व्यवसाय मी निवडला नाही, तो माझ्या गळ्यात पडला. मी मूळची दुभाषी. वॉर्ड ऑफिसच्या खिडकीशी उभं राहून आपल्या माणसाचं म्हणणं जपानीत सांगायचं आणि कारकुनाचं म्हणणं माणसांच्या भाषेत, हे काम मी सव्वीस वर्षं केलं. पण त्याच्याही आधी, लग्न होऊन टोकियोला येण्यापूर्वी, मी चार वर्षं आपल्याकडच्या एका रेकॉर्ड ऑफिसात क्लार्क होते. रेकॉर्ड ऑफिस म्हणजे पलटणीच्या प्रत्येक जवानाची कागदोपत्री कुंडली जिथे असते ती जागा. भरती कधी झाला, जखम कुठे झाली, लग्न कुणाशी, मुलं किती, सगळं तिथे. फुनाबोरीतल्या एका शेजाऱ्याच्या वडिलांचा कागद मी सहज वाचून दिला, त्याने दुसऱ्याला सांगितलं, आणि बघता बघता मी "मिलिटरीच्या काकू" झाले.

बाहेरच्या माणसाला वाटतं, फौजीच्या आईवडिलांचं म्हातारपण सरकार बघत असेल. तसं सरळ काही नसतं. विधवेला कौटुंबिक पेन्शन असते, वय वाढलं की ती थोडी वाढते. लढाईत कायमचा जायबंदी झालेल्याला माणूस ठेवण्यासाठी भत्ता असतो. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड असतं, त्यावर दवाखाना होतो. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयातून कधीमधी मदत मिळते. वृद्धाश्रमाचं बिल असं नाव घेऊन ह्यातलं काहीच येत नाही. हे तुकडे जोडून त्या बिलाची सोय लावायची असते, आणि प्रत्येक तुकड्याला कागद लागतो. तो कागद बापाने चाळीस वर्षांपूर्वी कुणा हवालदार क्लार्कला तोंडी सांगून लिहून घेतलेला असतो. मुलगा टोकियोत बसून तो शोधत असतो.

ह्या कामात शब्द फार जपून वापरावे लागतात. एक पाटील होते, अतिशय हुशार माणूस, जपानी बँकेची सिस्टिम सांभाळायचे. त्यांनी आरोग्य योजनेच्या अर्जात लिहिलं, आई नर्सिंग होममध्ये आहे. आता टोकियोत राहून नर्सिंग होम म्हटलं की म्हाताऱ्यांची राहायची जागा डोळ्यांसमोर येते. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टर नवरा-बायकोचं, खाली औषधाचं दुकान असलेलं, बाळंतपणं होतात ते. उत्तर आलं, भरती करण्याचं कारण कळवावे व डिस्चार्ज समरी जोडावी. पाटील माझ्यापुढे बसून चिडले. "डिस्चार्ज कसला काकू? ती आता तिथेच असणार आहे. शेवटपर्यंत." आणि मग स्वतःचंच वाक्य ऐकून त्यांनी चमचा उचलला. आम्ही दोघंही बराच वेळ चहा ढवळत बसलो, त्यात साखर नव्हती तरी.

"वृद्धाश्रम" लिहायला एकही मुलगा तयार नसतो. केअर सेंटर, सिनियर लिव्हिंग, "एक खूप छान जागा आहे" आणि एकदा तर "रिसॉर्टच समजा", इतकी नावं मी ऐकली आहेत. मी कुणाला टोकत नाही. अर्जावर "देखभाल केंद्र" लिहून देते आणि पुढे जाते.

माझं ऑफिस म्हणजे निशी-कसाई स्टेशनजवळच्या एका फॅमिली रेस्टॉरंटमधलं कोपऱ्यातलं टेबल. एकदा ड्रिंक बारचे पैसे भरले की हवा तितका चहा आपल्या हाताने आणायचा आणि हवं तितकं बसायचं. घरी का बोलावत नाही, असं लोक विचारतात. घर लहान आहे, असं मी सांगते. खरं कारण वेगळं आहे. यांना जाऊन आठ वर्षं झाली. माझी मुलगी इरा ओसाकाला असते, मी मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देते, तेही फोन उचलला तर. माणूस येऊन गेल्यावर घर आधीपेक्षा रिकामं वाटतं, म्हणून मी कुणाला बोलावत नाही. पासष्टी ओलांडली तेव्हा वॉर्डाकडून माझं म्हातारपणीच्या देखभाल विम्याचं कार्ड आपोआप पोस्टाने आलं. मी ते हातात धरून जिन्यातच उभी राहिले. माझ्यासाठी कुणाला कागद शोधत फिरावं लागणार नाही, ह्याचं समाधान वाटावं की कसं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते. ह्या लेखात मी माणसांची नावं बदलली आहेत. एक नाव मात्र खरं ठेवलंय, परवानगी घेऊन. ते का, हे पुढे कळेल.

अमोल जाधव ग्योतोकुत राहतो. माण तालुक्यातला. वडील पायदळात होते, हवालदार होऊन निवृत्त झाले, आदल्या वर्षी गेले. आई साताऱ्याजवळच्या एका केंद्रात. विस्मरणाचा आजार, मुलाला ओळखणं थांबून सात-आठ महिने झालेले. वडील होते तोवर त्यांच्या पेन्शनमधून केंद्राचं भागायचं. ते गेल्यावर पेन्शन थांबली, आणि आईची कौटुंबिक पेन्शन काही सुरू होईना. त्यातच अमोलचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. दुसरं मिळेपर्यंत घरात दोन मुलं, शाळा, भाडं. केंद्राच्या मॅनेजरबाई भल्या होत्या, पण त्यांनीही सांगून टाकलं होतं की दिवाळीपर्यंत काही सोय झाली नाही तर आईंना घरी न्यावं लागेल. घरी म्हणजे कुलूप लावलेल्या गावच्या घरी. अमोलला भाऊ-बहीण नाही.

पहिल्या रविवारी तो टेबलाशी बसला तो पंधरा मिनिटं हवामानावर बोलत होता. मग बॅगेतून रेकॉर्ड ऑफिसचं पत्र काढून त्याने माझ्याकडे सरकवलं आणि मान फिरवून काचेबाहेर बघू लागला. पत्र दोन ओळींचं होतं. आमच्या नोंदीनुसार दिवंगत हवालदाराच्या पत्नीचं नाव हौसाबाई आहे. सुमन ह्या नावाची पत्नी नोंदीत नाही.

"माझ्या आईचं नाव सुमन आहे, काकू," तो म्हणाला. "बाबांचं आधी एक लग्न झालं होतं बहुतेक. ती बाई जिवंत असेल तर पेन्शन तिची. मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. बाबांचा फोटो होता देवाजवळ, तो दोन महिन्यांपूर्वी काढून ठेवलाय. रुचिराला म्हटलं, काच बदलायचीय."

आणि मी हसले. चांगली मोठ्याने हसले. ते हसणं मला आजही बोचतं. त्याने दोन महिने एकट्याने पोटात ठेवलेली गोष्ट होती, आणि मला मात्र रोजचंच दुखणं दिसलं होतं. रेकॉर्ड ऑफिसात माझ्या टेबलावर आठवड्याला अशा फायली यायच्या. आपल्याकडे लग्नात बाईचं आडनाव बदलतात तसं नावही बदलतात. माहेरची एक, सासरची दुसरी. जवानाने लग्नाची नोंद करताना एक सांगितलेलं असतं, रेशनकार्डावर दुसरं, आधारवर तिसरं. वॉर्ड ऑफिसात मोरी-सान नावाच्या एका कारकूनबाई होत्या. एका नवऱ्यामुलीचे कागद बघून त्यांनी मला विचारलं होतं, "सामंत-सान, आडनाव बदलतं ते आमच्याकडेही. पण हिचं स्वतःचं नाव कुठे गेलं?" मी बाकी सगळं भराभर भाषांतर करत असे. त्या प्रश्नाला मी "प्रथा आहे" म्हणून वेळ मारून नेली.

"अरे, हौसाबाई आणि सुमन एकच," मी अमोलला म्हणाले. "आईचं माहेरचं नाव काय?"

त्याला ठाऊक नव्हतं. आजोळशी लग्नानंतर लगेच काहीतरी बिनसलेलं, मामा वगैरे कुणी कधी आले नाहीत, आणि घरात सगळे तिला सुमन नाहीतर अमोलची आई म्हणायचे. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला आपल्या आईचं नाव माहीत नाही हे त्याला त्या टेबलावर पहिल्यांदा कळलं. त्याचे कान लाल झाले होते.

मी म्हटलं, सोपं आहे, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं प्रतिज्ञापत्र करू, वकिलातीतून सहीशिक्का घेऊ. तो म्हणाला, "आणि नसली एकाच व्यक्तीची तर? मी खोटी सही करणार नाही, काकू. बाबांनी जन्मात केली नाही." मला त्याचा रागही आला आणि बरंही वाटलं. मग विचारायचं कुणाला? गावात त्या पिढीचं कुणी उरलं नव्हतं. उरली होती ती खुद्द आईच, आणि तिला तर मुलाचं नावही आठवत नव्हतं.

पुढच्या रविवारी दुपारी साडेतीनला आम्ही केंद्रात व्हिडिओ कॉल लावला. तिकडे बारा वाजलेले, जेवणाआधीची वेळ. तिथल्या सेविका वंदनाताईंनी फोन धरला होता. पडद्यावर एक बारकी म्हातारी पलंगाच्या कडेला बसून पदराच्या काठाच्या घड्या घालत होती. वंदनाताई म्हणाल्या, "सुमनआजी, बघा कोण आलंय." काही नाही. अमोल म्हणाला, "आई." काही नाही. मी नीट, पत्रात होतं तसं म्हणाले, "हौसाबाई, नमस्कार." घड्या चालूच.

तेव्हा माझ्यातली जुनी क्लार्क जागी झाली. "बाई" हे शेपूट लावतो आम्ही, कारकून लोक. माहेरी कोण पोरीला हौसाबाई म्हणून हाक मारेल? मी खुर्चीत पुढे सरकले आणि विहिरीवरून घराकडे हाक घालावी तशी घातली, "हौशेऽऽ! ए हौशे!"

जपानी रेस्टॉरंटात असं कुणी ओरडत नाही. सगळी टेबलं माझ्याकडे वळली, तिथल्या वेट्रेसच्या हातातला ट्रे तसाच थांबला. आणि पडद्यावरच्या बाईने मान वर केली.

"आलेऽऽ!" ती म्हणाली. आवाज सोळा वर्षांच्या मुलीचा होता. "आता व्हय आलीस? कवाधरनं वाट बघायलेय."

"हो गं, उशीर झाला," मी म्हणाले. मी कोण होते तिच्या लेखी, बहीण की मैत्रीण, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

"हितं समदी मला सुमन म्हनत्यात," ती तक्रार करू लागली. "कोन सुमन? म्या न्हाई ओ देत."

"आणि नवरा काय म्हणतो?"

तिने तोंडावर पदर घेतला. "त्यो कशाला नाव घेतोय? पन फौजेत माजंच नाव लिव्हलंय त्यानं. सासूनं ताटात तांदूळ पसरून त्यात सुमन लिव्हायला लावलं, म्या लई रडले. त्यो रजा संपवून निघाला तवा म्हनला, रडू नगंस. तिकडं गेलो की फौजेच्या कागदात हौसाच घालतो. तितं माज्या आयेचीबी टाप न्हाई बदलायची."

आम्ही ज्या चुकीवर आठवडाभर डोकं फोडत होतो ती चूक नव्हतीच. तो मुद्दाम लिहून घेतलेला शब्द होता. एका विशीतल्या जवानाला घरात आईपुढे बोलायची हिंमत झाली नाही, म्हणून त्याने बायकोचं नाव नेऊन पलटणीच्या दप्तरात सुरक्षित ठेवलं होतं.

अमोल आतापर्यंत कॅमेऱ्याच्या बाहेर होता. तो रडत होता आणि रडताना हसत होता. त्याला राहवलं नाही, तो माझ्या खांद्यावरून पुढे वाकला. "आई, मी अमोल."

तिने त्याच्याकडे पाहिलं, चटकन पदर डोक्यावर ओढला आणि मान खाली घातली. मग मला हळूच विचारलं, "पावनं हायती का?"

अमोल सरळ झाला आणि म्हणाला, "मी चहा घेऊन येतो." तो बराच वेळ ड्रिंक बारपाशी पाठमोरा उभा होता. त्याच्या मागे दोन शाळकरी मुली कप घेऊन शांतपणे रांगेत थांबल्या होत्या.

घरी येऊन मी इराला फोन लावला. नशिबाने तिने उचलला. विचारलं, "माझं माहेरचं नाव काय, सांग बघू." ती म्हणाली, "एत्तोऽऽ..." जपानी माणूस अडखळला की असं म्हणतो. मग म्हणाली, "अनुराधा ना?" म्हटलं, ते सासरचं. ती म्हणाली, मीटिंग आहे, नंतर बोलू. माझं नाव मंदा होतं. इथे छापून येऊ दे एकदा.

प्रतिज्ञापत्र झालं, अमोलने निःशंक सही केली. आता नोंद दुरुस्त करायचा अर्ज. त्यात दोन रकाने असतात. डावीकडे "नोंदीतील चुकीचे नाव", उजवीकडे "योग्य नाव". उजवीकडे सुमन लिहायचं, कारण आधार, बँक, सगळीकडे सुमन. उलटं, म्हणजे आधारवर हौसा करून घेणं, शक्य नव्हतं; त्याला बोटांचे ठसे लागतात आणि तिचे ठसे आता यंत्राला वाचता येत नव्हते. म्हणजे डावीकडे, चुकीचे म्हणून, हौसा लिहायचं.

अमोलने पेन उघडलं आणि बंद केलं. असं तीनदा. "काकू, दुसरं काही करता येतं का? तिथे कुणी बदलणार नाही असं ते तिला सांगून गेले होते. आणि बदलणारा मी?"

मी सव्वीस वर्षं लोकांना सांगत आले की कागद भावनेने भरायचा नसतो. त्या दिवशी माझंच मन चळलं. मी म्हटलं, "उर्फ" लावून बघू. योग्य नाव, सुमन उर्फ हौसाबाई. दोन्ही राहतील. मनातून मला ठाऊक होतं की हे चालायचं नाही. ओळखपत्रावर जसं तसंच नाव लागतं, एक अक्षर जास्त नाही. हा नियम मी स्वतः क्लार्क असताना कित्येकांना दाखवून त्यांचे अर्ज परत पाठवले होते. तरी मी "उर्फ" लिहिलं, माझ्या सुंदर अक्षरात.

सहा आठवड्यांनी अर्ज परत आला. ओळखपत्राप्रमाणे नाव लिहून पुन्हा सादर करावा. मध्ये दिवाळी होऊन गेली. मॅनेजरबाईंनी भलेपणाने अमोलच्या आईला घरी पाठवलं नाही, पण खिडकीजवळची तिची खोली दुसऱ्या कुणाला दिली आणि तिला खाली हॉलमध्ये हलवलं, आठ पलंगांत. वंदनाताईंनी सांगितलं की पहिले दोन दिवस ती जिन्याच्या पायरीवर बसून होती, आपलं गाठोडं मांडीवर घेऊन. ती खोली माझ्या "उर्फ"मुळे गेली. अमोल एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्यांदा अर्ज मीच भरला. तो म्हणाला, तुम्ही लिहा, मी फक्त सही करतो. डाव्या रकान्यात लिहिताना मला माझं जुनं टेबल आठवलं. असे अर्ज मंजूर होऊन माझ्याकडे यायचे तेव्हा मी मूळ नोंदीवर फूटपट्टी धरून लाल शाईने रेघ मारायची, वर नवं नाव लिहायचं आणि बाजूला आद्याक्षरं टाकायची. माझी रेघ ऑफिसात सगळ्यांत सरळ म्हणून साहेब इतरांना दाखवायचे. त्या रेघांखाली कोण कोण गेलं, किती हौसा, किती गोदा, किती ताना, मी कधी वाचूनही पाहिलं नाही. एकवीस वर्षांची होते, सुंदर रेघ मारल्याचा आनंद व्हायचा. आता कुणीतरी तिकडे ह्या हौसावर तशीच रेघ मारणार होतं, बहुधा कॉम्प्युटरवर, म्हणजे रेघही उरणार नाही.

मंजुरी आली. कौटुंबिक पेन्शन सुरू झाली, मागची थकबाकीही मिळाली, केंद्राचं आता अडत नाही. खोली परत मिळाली नाही. अमोललाही काम लागलं. देवाजवळ फोटो पुन्हा बसला, रुचिराने विचारलंसुद्धा नाही की काच बदलली का. माझ्या हिशेबी केस संपली होती आणि संपलेल्या केसची माणसं परत येत नाहीत. वाईट वाटून घेण्यासारखं त्यात काही नाही. माझ्याकडे बघितलं की त्यांना तो कागद आठवतो. स्टेशनवर दिसली तर काही जण मोबाइलमध्ये बघत पुढे जातात.

अमोल मात्र यायचा. रविवारी साडेतीनला, न चुकता. कारण मला लवकरच समजलं. आईला "आई" म्हटलं तर ती ओ देत नाही, आणि तिचं नाव घेऊन हाक मारायला त्याची जीभ रेटत नव्हती. घरी बायको-मुलांसमोर तर नाहीच. "आपल्याच आईला अगंतुगं करून, नावाने हाक? कसं वाटेल ते?" म्हणून हाक मी मारायची, ती "आलेऽऽ" म्हणून हजर व्हायची, मग आम्ही दोघी गप्पा मारायचो. शेरडं, चिंचा, कुणाच्या तरी लग्नातली वरात. अमोल माझ्या शेजारी, कॅमेऱ्याच्या बाहेर बसून ऐकायचा, म्हणजे तिला पदर घ्यावा लागू नये.

मला हे सगळं आवडत होतं, कबूल करते. आठवड्यातनं एकदा कुणीतरी माझी वाट बघत होतं. इराने मीटिंगनंतर फोन केला नव्हता, त्याची वाट बघणंही मी सोडून दिलं होतं. पण एका रविवारी हौसा पडद्यावर मला म्हणाली, "तूच येतीस बग. माजं दुसरं कुनी न्हाई." मी अमोलकडे पाहिलं. तो मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत होता. हे वाट पाहणं माझ्या वाटणीचं नव्हतं, मी ते उसनं वापरत होते.

पुढच्या रविवारी कॉल लागला, वंदनाताईंनी फोन समोर धरला, आणि मी कप उचलून उठले. "माझा घसा बसलाय," मी अमोलला म्हणाले. आवाज अगदी ठणठणीत होता, त्यालाही ते ऐकू आलं असणार.

"काकू, नका ना..."

मी ड्रिंक बारपाशी जाऊन उभी राहिले. कप भरला, तरी तिथेच थांबले. मग अमोल म्हणाला, आधी पुटपुटल्यासारखं, आणि मग जरा मोठ्याने, "हौशे."

"आलेऽऽ," फोनमधून आवाज आला. मग ती थांबली असावी. पुरुषाचा आवाज, अनोळखी चेहरा. आपल्याकडे गावात विचारतात तसं तिने विचारलं, "कुनाचा रं तू?"

मी वळून पाहिलं नाही.

"तुझाच," तो म्हणाला.

"आसं व्हय," ती म्हणाली. "मग बस की."